'सगळं करा', मी लीड्सहून म्हणाले

२०२२च्या ऑगस्टमध्ये माझे बाबा पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात एकोणीस दिवस व्हेंटिलेटरवर होते. वय ८१. अर्धांगाचा एक झटका आधीच येऊन गेलेला, त्यात न्यूमोनिया. मी इथे इंग्लंडात, लीड्समध्ये. आठव्या दिवशी धाकट्या भावाचा फोन आला, "ताई, डॉक्टर म्हणतायत, आता फारसं काही हातात नाही. पुढे किती करायचं ते तुम्ही ठरवा." मी म्हणाले, "सगळं करा. पैशांचा विचार करू नकोस." अकराव्या दिवशी त्याने पुन्हा विचारलं, तेव्हा मी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला सांगितलं. तेराव्या दिवशी फोन आला तेव्हा मी विमानतळावर होते. "मी येईपर्यंत काही करू नका," एवढंच बोलले.

पोहोचले तेव्हा बाबांचे दोन्ही हात कापडी पट्ट्यांनी कॉटला बांधलेले होते. नळी ओढून काढायचा प्रयत्न करतात म्हणून, असं नर्सने सांगितलं. ती काही चुकीचं करत नव्हती. बोलता न येणारा माणूस एकच गोष्ट सांगत होता आणि ती ऐकू येऊ नये अशी व्यवस्था आम्ही सगळ्यांनी मिळून केली होती. त्या सगळ्यांत पहिली मी.

वृद्धांच्या आजारांवरच्या एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात १९९१ साली या प्रकाराला नाव दिलं गेलं होतं, 'कॅलिफोर्नियाहून आलेली मुलगी'. लांब राहणारं मूल शेवटच्या दिवसांत येऊन थडकतं आणि रोज उशाशी बसणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलून जे ठरवत आणलेलं असतं, ते मोडून 'सगळं करा' म्हणतं. पुण्यात आज किती घरांत आई-वडील इकडे आणि मुलं तिकडे आहेत! कोथरूड, कर्वेनगर, बाणेर, कुठलीही सोसायटी घ्या. हे दुखणं आपलंही आहे, फक्त त्यावर आपण बोलत नाही.

आपण बोलतो ते बिलाबद्दल. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यातल्या एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयाने एका गर्भवती बाईच्या घरच्यांकडे दहा लाखांचं डिपॉझिट मागितल्याचा आरोप झाला. दुसरीकडे जुळ्या मुलींना जन्म देऊन ती तोवर गेली होती, आणि शहर पेटलं. मी इथून रोज बातम्या वाचत होते, नातेवाइकांच्या ग्रुपवर भांडत होते. तो राग मला पूर्ण मान्य आहे. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या, हा नियम आहे. २०२१च्या नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद प्रत्येक खासगी रुग्णालयात दिसेल अशी लावायला हवी. यामागे जन आरोग्य अभियान आणि पुण्यातल्या 'साथी'सारख्या संस्थांच्या कार्यकर्त्यांची वर्षानुवर्षांची धडपड आहे. कट प्रॅक्टिसविरुद्धच्या, म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दल डॉक्टरांनी घेतलेल्या कमिशनविरुद्धच्या, कायद्याचा मसुदा २०१७ साली तयार झाला आणि मसुदाच राहिला. या सगळ्यावर आरडाओरडा व्हायलाच हवा.

पण बिलाचा प्रश्न वेगळा आणि मरणाचा प्रश्न वेगळा, असं जे आपण धरून चालतो, ते मला पटेनासं झालं आहे.

इथे लीड्समध्ये आमच्या घरामागे एक ८४ वर्षांच्या बाई राहत होत्या. गेल्या हिवाळ्यात त्यांना इथल्या सरकारी रुग्णालयात नेलं. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी मुलाला आणि सुनेला एका खोलीत बसवून सांगितलं की यापुढच्या उपचारांनी त्रास वाढेल, आयुष्य वाढणार नाही. मुलगा रडला, चिडला, उलटसुलट प्रश्न विचारत राहिला. मात्र 'यात डॉक्टरचा काय फायदा?' हा प्रश्न त्याच्या मनाला शिवलाही नाही. शिवायला कारणच नव्हतं, कारण तिथे बिल नव्हतं.

हाच प्रसंग पुण्यात आणून पाहा. डॉक्टर म्हणाले 'चालू ठेवू', तर घरच्यांना वाटतं मीटर चालू ठेवायचा आहे. डॉक्टर म्हणाले 'थांबवू', तर वाटतं बेड रिकामा हवा आहे, किंवा मेडिक्लेम संपला हे यांना कळलं आहे. घरच्यांनीच 'थांबवा' म्हटलं, तर चौथ्या दिवशी मावशी-आत्या कुजबुजणार, पैशांसाठी बापाला सोडलं. डॉक्टरलाही धास्ती असते, उद्या कोणी काच फोडायला किंवा केस करायला आलं तर? मग सगळ्यांनाच सोयीचं एकच वाक्य उरतं, 'सगळं करा'. त्यात कोणाचाच हात अडकत नाही. अडकतात ते कॉटवरच्या माणसाचे.

आणि पैसे संपले की एक चोरवाट असते. नातेवाईक 'स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत' असं लिहून देतात, वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज होतो. ॲम्ब्युलन्समध्ये कोणीतरी श्वास देणारा फुगा हाताने दाबत राहतं आणि माणूस घरी पोहोचून, कधी वाटेतच, जातो. वेदनाशामक नाही, ऑक्सिजन नाही, शेजारी नर्स नाही. उपचार थांबवण्याचा निर्णय झालेलाच असतो, तो फक्त कागदावर 'सल्ल्याविरुद्ध' म्हणून नोंदवला जातो. पुण्यातल्या प्रत्येक मोठ्या आयसीयूतल्या डॉक्टरांना हे ठाऊक आहे. ते उघड बोलत नाहीत, आणि त्यांना उघड बोलता येईल अशी जागा आपणही ठेवलेली नाही.

कायदा मात्र आपल्या पुढे निघून गेला आहे. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लिव्हिंग विल वैध ठरवलं, म्हणजे शुद्धीत असताना आपण लिहून ठेवू शकतो की बरं होण्याची आशा नसेल तर कृत्रिम उपचारांनी मला ताणत ठेवू नका. आधी त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, म्हणून फारसं कोणी त्या वाटेला गेलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने ती अट काढली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. वेळ आली की डॉक्टरांची दोन मंडळं ते तपासतात. इंजेक्शन देऊन मरण आणण्याची परवानगी यात कुठेही नाही. तरीही आपल्या बातम्यांत दोन्हींना सरसकट 'इच्छामरण' म्हणतात. तो शब्द कानावर पडला की भीष्म आठवतो, शरशय्या आठवते आणि आई म्हणते, "असलं अभद्र बोलू नकोस." 'उपचार थांबवणं' असं साधं म्हटलं असतं तर कितीतरी घरांत बोलणं सुरू तरी झालं असतं.

इंग्लंडात सगळं सुरळीत आहे, असं मी म्हणणार नाही. कोविडच्या काळात काही ठिकाणी रुग्णाशी किंवा घरच्यांशी न बोलताच 'हृदय बंद पडलं तर पुन्हा चालू करू नये' अशी नोंद फायलींवर झाली होती. मार्च २०२१ मध्ये इथल्या आरोग्यसेवांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने तसा अहवालच दिला. त्याआधी शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांसाठी 'लिव्हरपूल केअर पाथवे' नावाची पद्धत होती. चांगल्या हेतूने सुरू झालेल्या त्या पद्धतीचा काही रुग्णालयांत नुसता खुणा करायचा तक्ता झाला, माणसं तहानलेली राहिली, आणि २०१३च्या चौकशीनंतर ती बंद करावी लागली. बिल नाही म्हणून घाई नाही, असं अजिबात नाही. इथे खाटा कमी आहेत, नर्स कमी आहेत, आणि म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी रात्रभर बसणारं कोणी नसतं. आमच्याकडे बाबांच्या आयसीयूबाहेर भाऊ, भावजय आणि वरच्या मजल्यावरचे काका पाळीपाळीने एकोणीस रात्री बाकावर झोपले. ते मला या देशात दिसत नाही.

मात्र एक गोष्ट मी इथे पाहिली आणि ती पुण्यात व्हावी असं मनापासून वाटतं. २९ नोव्हेंबर २०२४ रोजी इथल्या संसदेत, ज्यांचं आयुष्य सहा महिन्यांच्या आत संपेल अशा रुग्णांना मरणासाठी मदत मागण्याचा हक्क देणाऱ्या विधेयकावर मतदान झालं. पक्षाचा आदेश नव्हता. खासदार उभे राहून आपापल्या आई-वडिलांच्या शेवटाबद्दल बोलत होते, आणि दोन्ही बाजूंनी बोलत होते. अपंगांच्या काही संघटना सांगत होत्या, आम्हाला 'ओझं' वाटायला लावलं जाईल. वेदनाशमन करणारे काही डॉक्टर म्हणत होते, आधी आमच्या सेवेला पैसे द्या. ३३० विरुद्ध २७५ मतांनी विधेयक पुढे गेलं. जून २०२५ मध्ये पुन्हा मतदान झालं तेव्हा ३१४ विरुद्ध २९१. पंचावन्नचं अंतर तेवीसवर आलं. काही जणांनी ऐकून मत बदललं होतं. मी स्वतः त्या विधेयकाच्या विरोधात आहे, वेदनाशमनाची सेवा सर्वांना मिळेपर्यंत तरी. पण मरणावर एवढ्या शांतपणे, नावानिशी आणि उघड्यावर बोलता येतं, हे बघून मला बाबांसाठी रडू आलं.

आपल्याला हे जमणार नाही असं कसं म्हणू? याच शहराने १८९१ मध्ये संमतिवयाच्या कायद्यावर आगरकर आणि टिळकांच्या लेखण्या समोरासमोर पाहिल्या. मुलीचं शरीर, तिचं वय, सरकारचा हक्क, सगळं चव्हाट्यावर आलं होतं. १८९७च्या प्लेगमध्ये घरात शिरून तपासण्या झाल्या तेव्हा रुग्णाच्या मर्जीचा प्रश्न पुण्यात पेटला होता, तोही भयंकर रीतीने. १९८२ साली विनोबांनी पवनारला अन्न, पाणी आणि औषध नाकारून देह ठेवला आणि देशाने ते पाहिलं. १९८५ मध्ये प्राध्यापक सदानंद वर्दे यांनी आपल्याच विधान परिषदेत, कृत्रिम उपचार थांबवणाऱ्या डॉक्टरांना संरक्षण देणारं खासगी विधेयक मांडलं होतं, सर्वोच्च न्यायालयाच्या तेहेतीस वर्षं आधी. ते पुढे गेलं नाही.

आणि वारजे. आमच्या कर्वेनगरच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. तिथे १९९७ पासून सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे, कॅन्सरच्या रुग्णांची वेदना कमी करणारं, मोफत, आणि रुग्णासोबत घरचं माणूस राहू शकेल असं. बाबांना कॅन्सर नव्हता. पण 'बरं करता येत नसेल तेव्हाही करण्यासारखं खूप असतं' हे दाखवणारी जागा इतकी जवळ असताना आमच्या घरात त्या शब्दाचा उच्चारही झाला नव्हता. आयसीयू नाहीतर घर, याच्या मधे काही असतं हे आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. हृदय, फुप्फुस, मेंदूच्या दुखण्याने थकलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी अशी सेवा पुण्याच्या प्रत्येक भागात हवी. धर्मादाय खाटांच्या हिशेबात ती का धरली जाऊ नये? बिलावर जे आंदोलन करतात त्यांनी ही मागणी पहिल्या पाचात घ्यावी, कारण पैशांचा संशय नसलेल्या खाटेवरच 'आता थांबू' हे वाक्य खरं म्हणून ऐकलं जाईल.

गेल्या डिसेंबरात मी पुण्याला गेले होते. आई आता ७९ वर्षांची आहे. जेवणाच्या टेबलावर बसून तिने तिचं लिव्हिंग विल सांगितलं आणि भावाने लॅपटॉपवर टाइप केलं. नळ्या नकोत. दुखू देऊ नका. तिसरं वाक्य कुठल्याच नमुन्यात नव्हतं, "माझे हात बांधायचे नाहीत." भाऊ टाइप करताना थांबला. मग म्हणाला, "ताई, मी तेव्हा तुला तीनदा फोन केला होता." मी हो म्हणाले. त्याहून जास्त काही बोलता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी कर्वे रोडवरच्या नोटरीने विचारलं, हे मृत्युपत्र का? आईने समजावून सांगितलं. साक्षीदार म्हणून वरचे काका आणि तिच्या भजनी मंडळातल्या एक बाई आल्या होत्या. शुद्ध नसेल तेव्हा निर्णय कोणी घ्यायचा, तिथे एकाहून जास्त नावं लिहिता येतात. पहिलं नाव कोणाचं घालू, असं आईने माझ्याकडे बघून विचारलं. मी म्हणाले, त्याचं घाल, माझं दुसरं.