टाकी धुतली का?

गाडी घेऊन घरी आलो तेव्हा बायकोनं विचारलं, "कितीला?" मी म्हटलं, "पंचवीसला." तिला वाटलं पंचवीसशे. मी काही बोललो नाही. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या माणसानं खोटं बोलू नये हे खरं, पण समोरच्यानं आकड्याला चुकीचं एकक लावलं तर गुण त्याचे जातात, आपले नाही.

गाडी म्हणजे स्टँडर्ड हेराल्ड, दोन दारांची. मी तिला स्पोर्ट्स कार म्हणतो. आर्वीकडच्या एका जुन्या मालगुजारी वाड्याच्या गोठ्यात ती कैक वर्षं उभी होती. डिकीत तुरीचं कुटार आणि मागच्या सीटवर अंड्यावर बसलेली कोंबडी. छप्पर नव्हतं. हेराल्डचं छप्पर नटबोल्टांनी बसवलेलं असतं. मालगुजारांच्या थोरल्या चिरंजीवांनी ऐन तारुण्यात ते उतरवून ठेवलं आणि उघड्या गाडीतून वर्ध्यापर्यंत हवा खाल्ली, असं जुनी माणसं सांगतात. ते छप्पर पुढे खुराड्यावर गेलं. कोंबडी बहुधा त्याच्याच मागोमाग गाडीत आली असावी.

"पण ही स्पोर्ट्स कार कशी?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की उत्तर पाठ झालंय. हेराल्डचं रूप जिओव्हानी मिकेलॉटी या इटालियन माणसानं आखलं. 1959 साली ती ट्रायम्फ कंपनीच्या नावानं इंग्लंडात आली आणि 1961 पासून मद्रासेत तयार होऊ लागली. 1962 साली ट्रायम्फनं स्पिटफायर नावाची अस्सल दोन सीटची स्पोर्ट्स कार काढली, ती याच हेराल्डची चासी आखूड करून, आणि रूप पुन्हा मिकेलॉटीचंच. म्हणजे झाली ना सख्खी मावसबहीण? आमच्याकडे मावसबहिणीचा नवरा तलाठी असला तरी माणूस पानठेल्यावर दोन बोटं उंच बसतो. मग माझ्या हेराल्डनं काय घोडं मारलंय?

ट्रॅक्टरच्या मागे दोर बांधून ती गावात आणली. त्या मिरवणुकीचं वर्णन नको. एवढंच सांगतो की माझे आठवीतले दोन विद्यार्थी पूर्ण रस्ता "सर, ब्रेक! सर, ब्रेक!" ओरडत होते आणि ब्रेक नव्हते.

दुसऱ्या दिवशी बॉनेट उघडलं. हेराल्डचं बॉनेट म्हणजे गाडीचा पुढचा अख्खा भाग, चाकांवरच्या मडगार्डासकट, पुढच्या बाजूला कलंडतो. मगरीनं आ वासावा तसा. आतलं इंजिन तिन्ही बाजूंनी उघडं पडतं आणि माणसाला चाकावर बसून काम करता येतं. पण चाकं दोन होती आणि गावात बसायला माणसं पुष्कळ. मला स्वतःच्या गाडीच्या चाकावर जागा मिळाली ती तिसऱ्या आठवड्यात, शेजारचे काकाजी एका वऱ्हाडात गेले तेव्हा.

या काकाजींनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "का रे मास्तर, टाकी धुतली का?" मी हसून सोडून दिलं. इथं इंजिन जाम आहे, पिस्टन गंजून सिलिंडरला चिकटलेत, आणि यांना टाकीचं पडलंय. काकाजींचा जन्म कपाशीवर फवारणी करण्यात गेला. त्यांच्या लेखी जगातल्या प्रत्येक यंत्राला एक टाकी आणि एक नोझल असतं, आणि बिघाड नेहमी नोझलमध्येच असतो. ते रोज विचारत. मी रोज "होय, काकाजी, धुवायचीच आहे" म्हणत असे.

मदतीला मिस्त्री होता, पण ट्रॅक्टरचा. पेट्रोलच्या इंजिनाकडे तो उसाच्या रसाच्या गाडीकडे पाहावं तसा पाही. ठिणगी पाडणाऱ्या प्लगकडे बोट दाखवून म्हणाला, "सर, हे कायले लागते? आपल्या ट्रॅक्टरले नसते. हवा दाबली, डिझल सोडलं, का पेटते." डिझेल इंजिनाचं तत्त्व समजावायला मला वर्गात दोन तास लागतात आणि तरी मागची बाकं जांभया देतात.

मी वर्ध्याहून पान्यांचा नवाकोरा संच आणला होता. मिलिमीटरचा. हेराल्डचे नटबोल्ट इंचाचे. तेराचा पाना अर्ध्या इंचाच्या नटावर छान बसतो, फरक जेमतेम 0.3 मिलिमीटरचा. हा फरक नगण्य मानावा असं मीच मुलांना सांगत आलोय. पहिला जोर लावला, नटाचे सहाही कोपरे गोल. दुसरा, तिसरा, तेच. मिस्त्री बिडी विझवून उठला. "सर, हे सुताचं काम हाये. चार सूत, साडेतीन सूत, असे पाने पाह्यजे." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मग त्यानं त्याच्या वडिलांच्या काळातली, रहाटाच्या पट्ट्यासारखी काळी झालेली पिशवी उघडली. चार सूत निघाला. साडेचार निघाला. साडेतीन नव्हता, आणि या इंजिनाला तर सगळीकडे साडेतीनच. लोक सुतावरून स्वर्गाला जातात. मी साडेतीन सुतासाठी तीन तालुके फिरलो आणि शेवटी पुलगावच्या एका भंगारवाल्याकडे तो वजनावर मिळाला.

मे महिना होता. आमच्याकडचा मे म्हणजे उन्हात ठेवलेला पाना परत उचलायला फडकं लागतं. म्हणून काम पहाटे पाचला. प्लगच्या भोकांतून डिझेल ओतून ठेवायचं, पुलीवर बोल्ट लावून किंचित रेटायचं, हलत नाही म्हणून पुन्हा ओतायचं. तीन आठवडे हेच. एका पहाटे कर्र असा आवाज झाला आणि पुली बोटभर फिरली. मला वाटलं क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, मोडला. मिस्त्रीला वाटलं माझी कंबर मोडली.

मग सगळं सुटं केलं. सुटं करण्यात एक आसुरी आनंद आहे. रोज संध्याकाळी इंजिन थोडं हलकं होत जातं आणि घरातले डबे भरत जातात. शेवेच्या डब्यात रॉकरचे भाग, पापडाच्या डब्यात बेअरिंग, लोणच्याच्या बरणीत रॉकेल आणि रॉकेलात कार्ब्युरेटर. आठ पुशरॉड, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व उघडणाऱ्या काड्या, मी पुठ्ठ्याला भोकं पाडून ओळीनं लावले होते, प्रत्येकाखाली नंबर लिहून, कारण ज्याच्या जागी तोच परत जावा. आठवड्यानं मोजले तर सातच. पाचवा गायब. गोठा झाडला, कुटार चाळलं, विद्यार्थ्यांचे खिसे तपासले. दोन दिवसांनी आई देवापुढे दिवा लावत होती. वात पुढे सारायला तिच्या हातात एक सरळ, पोलादी, वीतभर लांब काडी.

"आई, ते माझं आहे."

"अरे, किती बरी आहे. वाकत नाही, जळत नाही. राहू दे एक. तुझ्याकडं सात आहेत ना?"

चार सिलिंडरला आठ पुशरॉड का लागतात हे मी तिला देवघरात बसून समजावलं. तिनं तो परत दिला, पण नाइलाजानं, आणि त्यानंतर गाडीचं काही बिघडलं की ती एवढंच म्हणायची, "देवाजवळचं उचलून नेलं."

क्रँक आणि ब्लॉक नागपूरला लेथवर नेले. तिथली भाषा थाउची. एक थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, केसापेक्षाही बारीक. "दहा थाउ घासावं लागेल, बोरिंग वीस थाउ," असं तिथला कारागीर बोलत होता आणि मी मान डोलवत होतो. मी ज्या गावात राहतो तिथं "हे काय, इथंच" म्हणजे तीन किलोमीटर. बिल द्यायला कापसाचा चुकारा होता तो मोडला. ते बिल शर्टाच्या खिशात राहिलं आणि शर्ट धुवायला गेला.

"पंचवीसशेच्या गाडीला नुसतं घासायचे नऊ हजार?" बायकोनं ओलं बिल माझ्यासमोर धरलं. त्या संध्याकाळी तिला एकक कळलं. पुढचे चार दिवस आमच्या घरात वरण होतं, पण मला वाढणारं कुणी नव्हतं.

पिस्टन, रिंग, हेडचं पॅकिंग आणि थ्रस्ट वॉशर इंग्लंडहून पोस्टानं मागवले. तिकडे या गाड्यांचे सुटे भाग आजही बनतात. पार्सल पाच आठवड्यांनी आलं, वर कर भरावा लागला तो वेगळा, आणि त्या कराचा हिशोब मला अजून कळलेला नाही. थ्रस्ट वॉशर म्हणजे काय, तर अर्ध्या बांगडीसारखे दोन तुकडे. क्रँकच्या मागच्या बेअरिंगला एक पुढून, एक मागून सरकवायचा. आपण क्लच दाबतो तेव्हा क्रँक पुढे ढकलला जातो. त्याला अडवायचं काम या दोन फुटक्या बांगड्यांचं. या घराण्याच्या इंजिनांचं हेच दुखणं प्रसिद्ध आहे. वॉशर झिजून खाली पडले की क्रँक सरळ ब्लॉकच खात सुटतो. वॉशरच्या एका बाजूला तेलाच्या खाचा असतात. खाचा क्रँककडे हव्यात, ब्लॉककडे नाही. हे मी मॅन्युअलमधून मोठ्यानं वाचून मिस्त्रीला, काकाजींना आणि हजर असलेल्या सगळ्यांना मराठीत समजावून सांगितलं. फळ्यावर आकृतीही काढली. मग वॉशर सरकवले, सरकवतानाचा फोटो काढून मोबाइलच्या स्टेटसला लावला, खालचं तेलाचं चेंबर बसवलं, नवं तेल भरलं.

रात्री साडेदहाला फोन. माझा जुना विद्यार्थी, आता पुण्याला कारखान्यात. "सर, फोटो पाह्यला. मोठा करून पाह्यला. सर... वायसर उलटं दिसून राह्यलं."

दहावीत मी या पोट्ट्याला प्रकाशाच्या धड्यात काठावर पास केलं होतं.

सकाळी तेल काढलं, चेंबर उतरवलं, गोठ्याच्या फरशीवर पाठीवर झोपून ते तुकडे सुलटे केले. मिस्त्री काही बोलला नाही. फक्त फळ्यावरची माझी आकृती त्यानं पुसली.

आता सुरू करायची. या इंजिनात प्लग पेटायचा क्रम एक-तीन-चार-दोन. पहिला पिस्टन वर आणायचा, पुलीवरची खूण जुळवायची आणि प्लगांना पाळीपाळीनं ठिणगी पोचवणारा डिस्ट्रिब्युटर बसवायचा. यात गोम अशी की पिस्टन दोनदा वर येतो: एकदा हवा दाबायला, एकदा धूर बाहेर ढकलायला. खूण दोन्ही वेळा जुळते. महिन्यात चतुर्थी दोनदा येते, पण चंद्र पाहून जेवायचं ते एकाच चतुर्थीला. मी दुसऱ्या चतुर्थीला चंद्र शोधत बसलो होतो. चावी फिरवली आणि कार्ब्युरेटरमधून असा बार निघाला की गोठ्यातल्या गाईनं दावं तोडलं, कोंबड्या थेट मालगुजारांच्या वाड्यापर्यंत गेल्या आणि वरच्या आळीतून कुणीतरी विचारलं, "मास्तरकडं नातू झाला का?"

डिस्ट्रिब्युटर काढून अर्धा फेरा फिरवून बसवला. ते झालं पोळ्याच्या दिवशी. त्या दिवशी गाडी थोडी ढकलून घ्यायची होती, पण पोळ्याला बैल मागायची हिंमत कुणाला? आणि माणसं तर बैलांच्या मागे तोरणाखाली गेलेली. म्हणून दुसरी सकाळ उजाडू दिली.

दुसरी सकाळ म्हणजे मारबत, गावाची रोगराई घेऊन जाणारा, शिवेवर नेऊन जाळायचा पुतळा. पोट्टे पळसाच्या फांद्या घेऊन गल्लीतून ओरडत निघाले होते, "ईडा पीडा, खासी खोकला, घेऊन जा गे मारबत!" ते आमच्या दारासमोर आले आणि त्याच क्षणी इंजिन लागलं. चारही सिलिंडर. नव्या रिंगा बसायच्या होत्या म्हणून मागून निळा धूर, पण आवाज असा गोल की मिस्त्रीनं पहिल्यांदाच पेट्रोलच्या इंजिनाला मान दिली, म्हणजे बिडी बाजूला काढली. बायको ओट्यावर उभी होती. तिनं गाडीकडे बोट केलं आणि पोट्ट्यांच्या सुरात सूर मिसळला, "हिलेही घेऊन जा गे मारबत!"

मग काय, मी पुढे आणि मारबत मागे. उघडी गाडी, मागच्या सीटवर सहा पोरं. चौकात मी चाक पूर्ण वळवलं आणि हेराल्डनं बैलबंडीलाही दोन झटके लागतात तिथं एका दमात वळण घेतलं; ही गाडी 25 फुटांच्या वर्तुळात वळते, लंडनच्या टॅक्सीसारखी. अख्ख्या चौकानं टाळ्या वाजवल्या. तेवढ्या दोन मिनिटांत माझे पंचवीस वसूल झाले. हजार.

गावाच्या शिवेवर मारबत पेटवली. परत फिरायला चावी फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. बॉनेट उचललं. कार्ब्युरेटरकडे येणाऱ्या नळीत पेट्रोलऐवजी तांबडी माती. साठ वर्षांची टाकी, साठ वर्षांचा गंज, सगळा त्या बारीक जेटमध्ये येऊन बसला होता. खासी खोकला म्हणतात तो हाच.

काकाजी काठी टेकत तिथवर आले होते. त्यांनी नळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी मात्र त्यांनी काही विचारलं नाही.

ओढून न्यायला बैल मागितले तर गडी म्हणाला, "सर, काल पुरणपोळी खाल्ली त्याहीनं. आज उठत नाई." ट्रॅक्टरवाला आर्वीला गेलेला. गाडी मारबतीच्या राखेशेजारी ठेवून मी पायी घरी आलो.

बायकोनं पाण्याचा तांब्या पुढे केला. "कुठं आहे ती?"

"शिवेवर. मारबतीजवळ."

"मग झालं ना," ती म्हणाली, "आता परत कायले आणता?"