आधी फ्लोअर उचकटा, मग फर्निचर

स्कूल बसचा मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, करायचा लेख भारीच आहे, पण बेड, किचन, सोलर यावर एवढं लिहिलंय आणि गंजावर फक्त एक ओळ, हे काय पटलं नाही बुवा. आमच्या गुहागर-हेदवी पट्ट्यात खाऱ्या वाऱ्यात उभी राहिलेली बस वरून पिवळीधमक दिसते, पण सीट काढून रबर मॅट उचला आणि बोल्टच्या भोकांभोवती स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, पत्रा पापडासारखा फुटतो. तो कापून नवीन मारायचा, प्रायमर द्यायचा, मगच वर प्लाय. प्लायपण आयएस ७१० वालाच, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय घ्या, साधा आमच्या पावसात फुगतो. गॅसची शेगडी ठेवणार असाल तर हवेची जाळी खाली फ्लोअरलगत पायजे, एलपीजी हवेपेक्षा जड, लीक झाला तर तळाशीच साठतो, वरची खिडकी उघडून काय उपयोग नाही. आणि कागदांचं बघा आधी, मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२, आरटीओला न विचारता असला बदल चालत नाही. दाभोळ-धोपावे फेरीबोटीत घालणार असाल तर लांबी-उंचीचं अगोदर विचारून ठेवा, अर्थात छपरावर टाकी नि पॅनल चढवल्यावर आमच्या वाडीतल्या झावळ्यांतून सुटलात तर.