'प्रभूने सांगितलं' म्हणण्याआधी

देवाची इच्छा कशी ओळखावी, यावरच्या एका ख्रिस्ती लेखात म्हटलंय की प्रार्थनेनंतर मनाला शांती वाटली की तो निर्णय देवाचा समजावा. मला हे पटत नाही. मी जालन्याकडचा. 2012-13 च्या दुष्काळात आमच्याकडे मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. विकतच्या टँकरने झाडं जगवायची की कुऱ्हाड लावायची, हा घराघरातला प्रश्न. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका विश्वासी भावाने 'प्रभूने सांगितलं' म्हणून व्याजाने पैसे काढून टँकर लावले. बायकोला विचारलं नाही, पोरांनाही नाही. प्रभूचं नाव घेतल्यावर पुढं कोण काय बोलणार! बाग गेलीच, आणि कर्ज फेडायला ती माउली दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाऊ लागली. टँकर लावणं चूक होतं असं मी म्हणत नाही, काहींच्या बागा तशा तगल्याही. पण 'हे मी ठरवलं' एवढं तरी त्याने तिला सांगायला हवं होतं. मना केलेलं फळ खाल्ल्यावर आदामानेही 'ही बाई तूच दिलीस' म्हणत देवावरच ढकललं होतं.

बायबलमधला प्रेषितांची कृत्ये 15 हा अध्याय वाचा. यरुशलेमात प्रेषित आणि मंडळीचे वडील बसून वाद घालतात, एकमेकांचं ऐकून घेतात, आणि पत्र लिहिताना 'पवित्र आत्म्याला आणि आम्हाला योग्य वाटलं' असं म्हणत निर्णयाखाली स्वतःलाही उभं करतात. रोमकरांस पत्र 14:12 मध्येही हिशेब ज्याचा त्यानेच द्यायचा आहे.

पाळकसाहेबांना (पास्टरांना) कळकळीची विनंती: जमीन, कर्ज, लेकीचं लग्न असं काही घेऊन कोणी आलं तर प्रार्थना जरूर करा, पण मग घरातल्या बाईमाणसांसकट सगळ्यांना बसवून आकडे कागदावर मांडायला लावा.