पावती फाडताना दिसतात, मग आज का नाही दिसल्या?

आज नगरपालिकेच्या सभागृहात सुनावणी होती. घरी येऊन तीन तास झाले तरी डोकं शांत होत नाहीये, म्हणून इथे लिहून मोकळी होते.

विषय तुम्हाला ठाऊक आहे. बसस्टँडमागचा प्लॉट, विकास आराखड्यात भाजी मंडईसाठी आरक्षित. आता ते आरक्षण उठवून तिथे सुपरमार्केट आणायचं चाललंय. 1966 च्या नगररचना कायद्याच्या कलम 37 खाली असा बदल करता येतो, पण आधी नोटीस काढून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात, महिन्याची मुदत द्यावी लागते. नोटीस निघाली. पेपरात, आतल्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात. ज्यांच्या पोटावर पाय येणार, त्यातल्या निम्म्या बायकांना वाचता येत नाही. शाळा सुटल्यावर दोन दिवस मी त्यांच्यात बसून ती वाचून दाखवली. शेहेचाळीस हरकती गेल्या. बऱ्याच अर्जांवर अंगठे आहेत.

त्यातली एक आमच्या मेथीवाल्या मावशींची. त्यांचं नाव पुकारलं, साहेबांनी विचारलं, "तुम्ही बाधित कशावरून? भाडेकरार आहे? काही कागद?" मावशींनी काखेतली पिशवी काढली, गाठ सोडली आणि सगळी टेबलावर रिकामी केली. पावत्या! बाजारात बसल्याची रोजची पावती फाडतात ना, त्या. गुलाबी, पिवळ्या, काही पावसात भिजून एकमेकींना चिकटलेल्या, एकेका वर्षाची गड्डी रबर लावून. सगळ्यात जुनी दोन रुपयांची. आता वीस घेतात. "ह्यो बघा साहेब, तुमचाच शिक्का हाय." साहेबांनी एकही उचलून बघितली नाही. "यानं जागेवर हक्क सिद्ध होत नाही. पुढचे."

पुढचे!

अहो, जागा मागतंय कोण? त्या एवढंच सांगत होत्या की मी इथे बसते, माझं नुकसान होणार आहे. पैसे घेताना रोज सकाळी मावशी बरोब्बर दिसतात. ऐकून घ्यायची वेळ आली की पुरावा आणा.

आणि वर म्हणे या बायका रस्ता अडवतात. अडवतातच, मी नाही म्हणत नाही, माझी गाडीही रोज अडकते. पण त्या रस्त्यावर का बसतात? मंडईचं आरक्षण टाकलं आणि मंडई कधी बांधलीच नाही, म्हणून! आधी बांधायची नाही, मग म्हणायचं जागा पडून आहे, नुसतीच वाया जातेय. हा कुठला न्याय?

2014 चा पथविक्रेता कायदा आहे. शहराच्या पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले असावे लागतात. आमच्याकडे ती समिती कुठे आहे, हे मी आज भर सभेत विचारलं. उत्तर मिळालं, "तो आजचा विषय नाही."

सुपरमार्केटात तूरडाळ स्वस्त मिळते, हे मान्य. आमचाही महिन्याचा किराणा शेजारच्या शहरातल्या तसल्याच दुकानातून येतो. येऊ दे की, बायपासला हवी तेवढी जागा आहे. मंडईच्याच जागेवर डोळा का?

बाहेर पडताना एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले, "बाई, तुम्ही शिक्षक लोक विकासाच्या आड येता." मला तेव्हा सुचलं नाही, आता सांगते. पुण्याची मंडई 1886 साली उभी राहिली. तिच्यावर होणाऱ्या खर्चाला नगरपालिकेत बसून विरोध केला होता जोतीराव फुल्यांनी. आज त्या मंडईला नाव कुणाचं आहे? महात्मा फुले मंडई! हरकत घेणारा माणूस गावाचा वैरी नसतो हो.

सगळेच तसे नाहीत, हेही लिहायला हवं. मावशी पावत्या गोळा करायला लागल्या तेव्हा कोपऱ्यातला तरुण शिपाई उठून आला. काही खाली पडल्या होत्या, त्या त्याने टेबलाखाली वाकून वेचल्या, गड्ड्यांना रबर लावून दिले. एक शब्द बोलला नाही. त्याची आईही कुठल्यातरी बाजारात बसत असेल, असं उगाच वाटून गेलं.

मी मावशींना गाडीवर मागे बसवून बाजारात सोडलं. सकाळपासून धंदा बुडालेला, मेथी पार मलूल झालेली. शेजारच्या लिंबूवालीने पदराची गाठ सोडून एक पावती काढून दिली. मावशी नव्हत्या तरी त्यांच्या पाटीसमोर पावतीवाला उभा राहिला होता, वीस रुपये तिने भरले होते. मावशींनी ती सरळ केली, आजच्या तारखेवर बोट ठेवून माझ्याकडून वाचून घेतली आणि पिशवीत टाकली.

लेखी म्हणणं द्यायला शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत वेळ आहे. अर्जाचा नमुना शाळेसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे ठेवलाय, पैसे मी दिलेत. नाव, पत्ता, सही करा आणि आवक-जावकमध्ये देऊन पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.