‘प्रोसेसर 62 अंशच, तरी पैसे उकळले’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचं म्हणणं असं की प्रोसेसर 62 अंशांवर असताना आम्ही ‘मदरबोर्ड तापतोय’ सांगून 1,200 रुपये घेतले, आणि आठवड्याभरात व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना पीसी पुन्हा रखडायला लागला. दोन्ही खरं आहे. ‘नवा बोर्ड विकायचा डाव’ हे मात्र पटलं नाही. नव्या बोर्डाचा विषय तुम्ही काढला होता, नको म्हणणारे आम्ही होतो.

62 हा आकडा प्रोसेसरच्या आतल्या सेन्सरचा. तापत होता त्याच्या शेजारचा व्हीआरएम, म्हणजे प्रोसेसरसाठी व्होल्टेज उतरवून देणारा बोर्डावरचा भाग. एसएमपीएसकडून (पीसीच्या पॉवर सप्लायकडून) 12 व्होल्ट येतात, प्रोसेसरला लागतात सव्वा व्होल्टच्या आसपास. ते उतरवायचं काम प्रोसेसरच्या सॉकेटजवळच्या व्हीआरएममधल्या मॉसफेट नावाच्या चिपा आणि चोक नावाच्या कॉइल करतात. तुमचा आठ कोअरचा प्रोसेसर एक्स्पोर्टच्या वेळी 140 वॉटपर्यंत ओढतो, म्हणजे शंभराहून जास्त अँपिअर. त्यात दहा-पंधरा टक्के वीज वाटेतच उष्णता होऊन जाते. पंधरा-वीस वॉट, तेही नखाएवढ्या चिपांवर. आमच्या टेबलावरचं सोल्डरिंग आयर्न 25 वॉटचं आहे, यावरून अंदाज करा. तुमच्या स्वस्तातल्या बोर्डावर त्या चिपांना हीटसिंकच (उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) नव्हता. थर्मल कॅमेऱ्यात तुमच्यासमोर 112 अंश दिसले होते. इतकं तापलं की बोर्डच प्रोसेसरचा वेग पाडतो. प्रोसेसर थंड दिसत होता, कारण त्याला काम करू दिलं जात नव्हतं.

आता आमची चूक. गेल्या दिवाळीत आवाज फार येतो म्हणून तुम्ही कूलर बदलून मागितला (आपल्या नागपुरात कूलर म्हटलं की आधी खसाच्या ताट्याच आठवतात, पण हा प्रोसेसरवरचा) आणि आम्ही लिक्विड कूलर बसवून दिला. जुना पंखा खाली बोर्डावर हवा मारायचा, त्यात व्हीआरएमलाही आयता वारा लागायचा. लिक्विड कूलरने उष्णता रेडिएटरकडे नेली आणि तो वारा बंद झाला. हे तेव्हाच सांगायला हवं होतं. थंडीत निभावलं, मे महिन्यात 45 अंशांत उघडं पडलं.

दुसरी चूक तुमच्या फोटोत दिसते. त्या 1,200 रुपयांत आम्ही व्हीआरएमच्या चिपांवर लावलेल्या ॲल्युमिनियमच्या सिंकांपैकी दोन जागेवर नाहीत. बोर्ड कॅबिनेटमध्ये उभा असतो. चिपा नीट पुसल्या नसतील तर गरम झाल्यावर सिंक धरून ठेवणारी थर्मल टेप सुटते. घाईत पुसणं राहिलं असणार.

मजुरीचे 900 परत करतो. सिंकचे 300 नाही, ते पुन्हा तुमच्याच बोर्डावर लागणार आहेत. या वेळी थर्मल ॲडहेसिव्हने चिकटवू (तसे ते नंतर निघत नाहीत, पण बोर्डाची वॉरंटी तशीही संपलीय), व्हीआरएमवर 80 मिलिमीटरचा एक पंखा देऊ आणि बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) 65 वॉटचा इको मोड लावू, म्हणजे प्रोसेसर कमी वीज ओढेल. एक्स्पोर्टला थोडा वेळ जास्त लागेल, पण आत्ताच्या रखडण्यापेक्षा काम खूप लवकर उरकेल.

एक विनंती, बाजूचं पॅनल उघडून डेझर्ट कूलर समोर ठेवू नका. त्या ओल्या हवेने धूळ पंख्यांवर चिखलासारखी बसते. आणि ते दोन सिंक सापडेपर्यंत पीसी चालू करू नका. एखादा ग्राफिक्स कार्डाच्या पाठीवर पडला असेल तर शॉर्ट होईल. सापडले नाहीत तर तसाच घेऊन या, आम्ही शोधू. रविवार सोडून कधीही या.