विंचवाची पाठ

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, हे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. पण त्या पाठीवर सुरक्षितपणे किती किलोचे बिऱ्हाड लादता येते, याबद्दल ती म्हण अवाक्षर काढत नाही, ही गोष्ट माझ्या ध्यानात यायला माझी निवृत्ती उजाडावी लागली. आयुष्यभर बँकेत आकडे जुळवले. त्यामुळे कागदावर जुळलेला आकडा रस्त्यावरही जुळतो, अशी माझी समजूत होती.

सुरुवात अमेरिकेतल्या भाच्याने केली. त्याने एक चित्रफीत पाठवली. तीत माझ्याच वयाचे एक गोरे जोडपे पिकअपच्या हौद्यात अख्खी खोली (तिकडे तिला कॅम्पर म्हणतात) बसवून डोंगरदऱ्यांतून हिंडत होते. त्या खोलीत पलंग होता, शेगडी होती, मोरी होती, आणि ज्या एका गोष्टीसाठी माझी बायको कोणत्याही यात्रेला नाक मुरडते ती, म्हणजे स्वतःचा स्वच्छ संडास, तोही होता. आम्ही बेळगावच्या शहापुरातली मंडळी दरवर्षी यात्रेच्या दिवसांत सौंदत्तीच्या यल्लम्माला पडल्या, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या परड्या, भरायला जातो आणि डोंगरावर राहायचे कुठे यावरून दरवर्षी भांडतो. हे भांडण मिटवायचा मार्ग मला त्या चित्रफितीत दिसला.

निपाणीकडच्या गावात माझ्या मेव्हण्याची पिकअप आहे. मी त्याला फोन करून म्हणालो, “तुझ्या गाडीचा कॅम्पर करू या.” तो म्हणाला, “भावजी, माझी गाडी कॅम्परच हाय की!” आमच्याकडे दुहेरी केबिनच्या पिकअपलाच लोक कॅम्पर म्हणतात, हे मी विसरलो होतो. कॅम्परवर कॅम्पर चढवायचा आहे, हे त्याला पटवून देण्यात माझा अर्धा तास आणि त्याची सगळी सहनशक्ती खर्च झाली.

मग मी गाडीचे आरसी बुक मागवले. त्यात भारासह एकूण वजनाची मर्यादा २,७५० किलो आणि रिकाम्या गाडीचे वजन १,७५० किलो असे लिहिले होते. वजाबाकी केली तर नेमके १,००० किलो. एक टन! पगाराच्या दिवशी होतो तसा मला आनंद झाला, आणि पगाराचे पुढे जे होते तेच या टनाचेही झाले.

भाच्याने सावध केले होते. अमेरिकेत चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक पट्टी चिकटवलेली असते आणि माणसे व सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाऊ नये असे तिच्यावर छापलेले असते. म्हणजे माणसेही भारातच धरायची. तिकडे अर्धा टन, पाऊण टन, एक टन अशी पिकअपची जुनी नावे अजून चालतात, पण त्यांचा खऱ्या क्षमतेशी आता मेळ राहिलेला नाही, तेव्हा नावावर जायचे नाही, पट्टी वाचायची. शिवाय कॅम्पर विकणारे जे वजन सांगतात ते ‘कोरडे’ असते. पाणी, गॅस, बॅटरी, भांडी, अंथरुणे चढली की ते ‘ओले’ होते आणि मोठ्या कॅम्परचे असे ओले वजन सहज दीड-दोन टनांवर जाते. कोरडे वजन म्हणजे स्थळाच्या पत्रिकेबरोबर आलेली उंची, असे मी मनाशी टिपून ठेवले.

पहिल्यांदा माणसे मोजायला घेतली. बायकोने साठ सांगितले. हा आकडा मी आमच्या लग्नापासून ऐकतो आहे. मेव्हण्याने पंच्याहत्तर सांगितले, त्याच्या बायकोने अठ्ठावन्न, आणि माझे सासरे आबा म्हणाले, “मला कसलं वजन? पंचावन्न धर.” स्वतःचे मी चौऱ्याहत्तर लिहिले, जे २०११ साली खरे होते. एकूण ३२२.

खोली बांधायचे काम उद्यमबागेतल्या एका फॅब्रिकेटरला दिले. बेळगाव हे ओतीव लोखंडाचे गाव आहे आणि इथल्या कारागिराची जडपणाची कल्पना इतरांपेक्षा निराळी असते. चार माणसांना उचलता येते ती वस्तू त्याच्या लेखी हलकी. “वजन किती होईल?” असे विचारल्यावर तो म्हणाला, “हलकंच हुतंय की सर. तीनशे, लई झालं तर साडेतीनशे.” मी विश्वासाने ३५० लिहिले. त्यानंतर पाणी दोनशे लिटर, म्हणजे २०० किलो, कारण पाण्याच्या बाबतीत तरी लिटरचे किलो करायला डोके लागत नाही. बॅटरी ५५. गॅसच्या टाकीच्या अंगावर रिकाम्या टाकीचे वजन रंगवलेलेच असते. आमच्या टाकीवर १५.८ होते, आत गॅस १४.२, मिळून बरोबर ३०. हजारातून सगळे वजा केल्यावर ४३ किलो उरले. भांडीकुंडी, अंथरुणे आणि शिधा यांसाठी ४३ किलो! मला ते मुबलक वाटले, यावरून मी स्वयंपाकघरात किती वेळा गेलो आहे ते कळेल.

बायकोने यादी केली. तिच्या प्रत्येक ओळीपुढे तोंडी एक शेरा होता: “याला काही वजन नाही.” पितळी पातेल्याला वजन नव्हते, कारण ते नेहमीचे होते. कुकरला नव्हते, कारण तो लहान होता. दोन कापसाच्या गाद्यांना नव्हते, कारण कापूस म्हणजे कापूस. तांदळाच्या पोत्याला नव्हते, कारण येताना ते रिकामेच येणार होते. पुरण वाटायला पाटा-वरवंटा हवा होता. त्यावर मात्र मी अडून बसलो. तेव्हा, “बरं, वरवंटा तेवढा नेऊ,” अशी तडजोड निघाली. नुसत्या वरवंट्याने पुरण कशावर वाटायचे, हे विचारायचे धाडस मला झाले नाही.

खोली तयार होऊन हौद्यात बसली, तेव्हा गाडीची मागची बाजू अशी खाली गेली, जशी म्हैस बसताना जाते. मी टेप आणि पेन्सिल घेऊन खोलीतच बसलो. एकोणीस मिलीमीटर जाडीचा, आठ फूट बाय चार फुटांचा प्लायचा एक तक्ता पस्तीसेक किलो भरतो. त्याने असे सहा लावले होते. एक मिलीमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला जवळजवळ आठ किलो भरतो. तोही सहा तक्त्यांना बाहेरून होताच. वर अँगलचा सांगाडा, बिजागऱ्या, आणि त्याने ‘माझ्याकडून भेट’ म्हणून मागे जोडलेली लोखंडी शिडी. बेरीज ५२० च्या आसपास आली. चूक त्याची नाही. त्याला विचारले हीच चूक.

मेव्हण्याने उपाय सुचवला. “भावजी, आणखी दोन पाटे टाकूया. मेस्त्री म्हणतोय, मग कायबी लादा.” माजघरातून बायकोचा आवाज आला, “दोन कशाला? पुरणाला एक पाटा पुरे की!” दोन्ही पाट्यांविषयी माझे मत प्रतिकूलच होते. स्प्रिंगचे पाटे वाढवले की गाडी खाली बसत नाही, इतकेच. आस तोच राहतो, बेअरिंग तीच राहतात, ब्रेक तेच राहतात, चासी तीच राहते आणि आरसी बुकातला आकडाही तोच राहतो. टायरचेही तसेच. त्याच्या कडेवर भाराचा एक क्रमांक असतो. १०० असेल तर ते एक टायर ८०० किलो पेलते, १०८ असेल तर १,०००, आणि तेही पुरेशी हवा भरलेली असताना. मी रांगत रांगत जाऊन चारही टायरांचे क्रमांक उतरवून घेतले. शेजारच्या पोरांना वाटले, मी काहीतरी हरवले आहे. जाता जाता मोटार वाहन कायदाही चाळला. गाडीत असा बदल करायचा तर १९८८ च्या कायद्याच्या ५२ व्या कलमाखाली परवानगी हवी, आणि जादा भारासाठी २०१९ च्या दुरुस्तीने २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये ठेवले आहेत. हे वाचून दाखवल्यावर मेव्हणा म्हणाला, “मग काटाच करून बघूया की. संकेश्वरपर्यंत जाऊ. जास्त झालं तर माघारी.”

पहाटे निघालो. निपाणीबाहेर तवंदीचा घाट चढताना मेव्हण्याने दोनदा स्टिअरिंगकडे पाहिले आणि दबक्या आवाजात म्हणाला, “पुढचं हलकं लागतंय, भावजी. चाक कुठं धरलंय कळंना झालंय.” मी बॅटरीपासून हवेच्या दाबापर्यंत सर्व कारणे तपासत असताना मागच्या सीटवरून आबा म्हणाले, “उलळाय लागलीया.” आबांनी तरुणपणी बैलगाडीतून तंबाखूची बोदे निपाणीच्या बाजारात नेली आहेत. बोदे आसाच्या मागे जास्त झाली की जू बैलांच्या मानेवरून उचलते आणि गाडी मागे उलळते. पुढे जास्त झाली की बैलांची मान मोडते. “पाण्याची टाकी कुठं बसिवलीय?” त्यांनी विचारले. टाकी अगदी मागे, शिडीजवळ बसवली होती, कारण तिथून पाणी भरायला सोपे पडत होते. आबा त्यावर काही बोलले नाहीत. सासऱ्याने जावयापुढे बोलू नये ते सगळे त्या गप्प बसण्यात आले.

ऊस गाळपाचे दिवस होते. महामार्गालगतच्या वजनकाट्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती आणि तिच्या मधोमध आमची खिडक्या-पडद्यांची खोली उभी राहिली. आमच्या भागात ‘काटामारी’, म्हणजे काट्यावर वजन कमी दाखवणे, हा शब्द शेतकऱ्यांच्या तोंडी शिवीसारखा येतो. त्या दिवशी मात्र, आज कोणी आपलाही काटा मारावा, अशी प्रार्थना करणारा त्या रांगेत मी एकटाच असेन. आकडे लाल अक्षरांत चढत गेले आणि ३,१४० वर थांबले. मर्यादेपेक्षा ३९० जास्त. मागच्या ट्रॉलीवाला कौतुकाने म्हणाला, “आमच्या उसाला असं वजन घावलं असतं, तर बंगला बांधला असता.”

मी खिडकीतल्या मुलाला विनंती करून फक्त मागची चाके काट्यावर घ्यायला लावली, कारण एकूण वजन ठीक असले तरी मागच्या आसाची मर्यादा वेगळी असते. आरसी बुकात ती १,८५० होती. काट्यावर २,०८० आले. आबांनी खाली उतरून, कोणालाही न विचारता, टाकीची तोटी सोडली. दोनशे लिटर पाणी काट्याच्या बाजूच्या गटारात जायला बराच वेळ लागला. तेवढ्या वेळात त्या रांगेने आमच्याविषयी कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत मतप्रदर्शन केले. टाकी रिकामी झाल्यावर मागच्या चाकांचा आकडा १,८१० झाला.

खिडकीतला मुलगा चक्रावला. “दोनशे लिटर सांडलं आणि दोनशे सत्तर किलो उतरलं? काटा बिघडला काय?” मी कागद काढला. मागच्या आसाच्या एक मीटर मागे दोनशे किलो ठेवले आणि दोन आसांमधले अंतर तीन मीटर असले, तर मागच्या आसावर २६७ किलो पडतात आणि पुढच्या आसावरून ६७ किलो उचलले जातात. पाणी काढल्यावर ते ६७ किलो पुन्हा पुढे येऊन बसतात. आबांनी माझ्याकडे असे पाहिले, की बँकेतल्या नोकरीत मी नेमके काय केले असा त्यांना प्रश्न पडला असावा. “त्येच सांगिटलं की मगाशी,” ते म्हणाले.

पुढची चाकेही घेऊन पुन्हा काटा केला. आता एकूण २,९४०. अजून १९० जास्त. गाद्या काढल्या तर अंथरायचे काय, खोली काढली तर यायचे कशाला, असा विचार चालू असताना मुलगा खिडकीतून म्हणाला, “माणसं उतरून बघा की, सर. एकेक जण उतरा. आधी तुम्ही.” मी उतरलो. आकडा २,८५० झाला.

काट्यावर शांतता पसरली. वजाबाकी सोपी होती आणि ती सर्वांना आली. हा काटा दहाच्या पटीत दाखवतो, दहा किलो इकडेतिकडे होतात, असे मी सांगत होतो, पण चौऱ्याहत्तर आणि नव्वद यांच्यात सोळा किलोचा फरक असतो, आणि माझी बायको साठचीच असो वा नसो, ती त्या वेळी गाडीतून खाली उतरायला तयार नव्हती. तिने खिडकीतून हात बाहेर काढून पावती तेवढी मागून घेतली.

आम्ही तेथूनच माघारी फिरलो आणि त्या पौर्णिमेला सौंदत्तीला बसने गेलो. खोली सध्या आबांच्या उसाच्या कडेला चार विटांवर उभी आहे. आबा राखणीला तिच्यात झोपतात आणि शिडी चांगली आहे म्हणतात. काट्याची पावती आमच्या फ्रिजवर लावलेली आहे. तिच्या कोऱ्या बाजूवर बायकोने वाण्याची यादी लिहिली आहे, पण ती बाजू आत केली आहे. मी चुंबक काढून पाहिले. यादीत साखर नाही.