वेळणेश्वरच्या पडवीचे गंजलेले स्क्रू: दुकानदाराचं उत्तर

नमस्कार दादा,

तुम्ही आमच्या दुकानाला एकच तारा देऊन लिहिलंत की मे महिन्यात नेलेले पत्र्याचे स्क्रू गणपतीपर्यंत तांबडे झाले, पडवी दोन ठिकाणी गळते, आणि स्टेनलेस म्हणून दिलेल्या पन्हळीच्या स्क्रूंना लोहचुंबक चिकटतो, म्हणजे सरळ फसवणूक.

गंज आमच्या चुकीने. आगोटीची गर्दी, काउंटरवरच्या मुलाने ‘पत्र्याचे स्क्रू’ एवढंच ऐकलं आणि नेहमीचा जस्ताच्या मुलाम्याचा डबा पुढे केला. घर कुठे, पत्रा कसला, काही विचारलं नाही. तो मुलामा काही मायक्रॉनचाच, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागांएवढाच असतो. इथे आत शृंगारतळीला तो निभावतो. तुमच्या अंगणात भरतीचा आवाज येतो, वर पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा. तिथे तो टिकणारच नव्हता. आता मुलगा आधी गाव विचारतो, मग डबा काढतो.

फसवणुकीचं मात्र मान्य नाही. पन्हळीचे स्क्रू ४१० ग्रेडचे आहेत. ते स्टेनलेसच, पण चुंबकाला चिकटतात. ४१० ला तापवून, पाणी देऊन कडक करता येतं, म्हणून त्याचं टोक लोखंडात स्वतः भोक पाडतं. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस सहसा चिकटत नाही, गंजाला जास्त दाद देत नाही, पण मऊ. पत्र्याखालच्या लोखंडी पाईपवर टेकवलात तर टोकच झिजेल. म्हणून बायमेटल स्क्रू निघाले: अंग ३०४ चं, टोक साध्या कडक पोलादाचं. आणि हेही सांगून टाकतो, किनाऱ्यावर ४१० वरही डाग चढतात. डब्यावर ‘एसएस’ (स्टेनलेस स्टील) दिसलं तरी ग्रेड विचारायचा, आमच्याकडेसुद्धा.

आता गळती. तुमचा दुसरा फोटो मोठा करून पाहिला. वॉशरखालचं काळं रबर चिरडून बाहेर आलंय, एका बाजूला फाटलंय, शिवाय स्क्रू तिरका. झटके देत आवळणाऱ्या इम्पॅक्ट मशीनने कचकचून आवळला की असंच होतं. रबर वॉशरच्या कडेला जेमतेम डोकावलं की हात थांबला पाहिजे. तिसऱ्या फोटोतले पत्र्यावरचे तांबडे ठिपके तर स्क्रूचे नाहीतच. भोकं पाडताना पडलेला लोखंडी किस त्याच संध्याकाळी मऊ झाडूने झाडला नाही, तो तिथेच गंजला.

जुने ५.५ मिमीचे काढून त्याच भोकात ६.३ मिमीचे बायमेटल, मोठ्या वॉशरसकट बसवा. आढ्याजवळ आणि पागोळीच्या कडेला स्क्रू कमी अंतरावर घ्या. वारा पहिला तिथेच हात घालतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ येऊन गेल्यावर आमच्याकडे आलेल्या पत्र्यांची भोकं कडेलाच फाटलेली होती.

सगळे स्क्रू मी बदलून देतो, पैसे नकोत. मजुरी देणार नाही, आवळणारा हात आमचा नव्हता. येताना पाईपची जाडी मोजून आणा. स्क्रूच्या भोक पाडणाऱ्या टोकाला नंबर असतो; तीन नंबरचं टोक साधारण ५ मिमी जाडीच्या लोखंडापर्यंत चालतं. तुमच्या पडवीला जुना जाड लोखंडी गर्डर असेल तर पाच नंबरचं लागेल, ते मागवायला दोन दिवस जातील.